प्रादेशिक नियोजन संस्थांमध्ये विधिमंडळ सदस्यांचे प्रतिनिधित्व : महाराष्ट्राच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय संविधानातील ७३ वी व ७४ वी दुरुस्ती १९९३ मध्ये अंमलात आली. या दोन दुरुस्त्यांनी ग्रामीण व नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांना संविधानिक दर्जा दिला. त्याचबरोबर जिल्हा नियोजन समिती आणि महानगर नियोजन समिती या दोन नव्या नियोजन संस्थांची तरतूदही केली. पंचायत राज व्यवस्थेवर मराठीत विपुल लेखन झाले. महिला आरक्षण, ग्रामसभा, वित्त आयोग, राज्य निवडणूक आयोग या विषयांची चर्चा महाविद्यालयीन परिसंवादांतून वारंवार झाली. त्या मानाने या दोन नियोजन समित्या अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिल्या. त्यांचे वृत्त येते ते प्रायः निधीच्या आकड्यांपुरते किंवा पालकमंत्रिपदाच्या वादापुरते.

या समित्यांमध्ये आमदारांचे स्थान काय असावे, हा प्रश्न मात्र राज्याच्या राजकारणात सतत उपस्थित होत राहिला आहे. आमदारांना सदस्यत्व मिळावे, मताधिकार मिळावा, निमंत्रितांची संख्या वाढवावी, विरोधी पक्षाच्या आमदारांना डावलू नये, अशा मागण्या सर्वच पक्षांकडून वेगवेगळ्या काळी झाल्या आहेत. या मागण्यांचा सूर बहुधा मानाचा आणि संख्येचा असतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न वेगळ्या बाजूने तपासला आहे. आमदार नियोजन समितीत किती आहेत यापेक्षा ते कोणाच्या इच्छेने आणि कोणत्या कामासाठी तेथे बसतात, हे अधिक महत्त्वाचे आहे. महाराष्ट्राच्या प्रचलित रचनेत आमदाराला मिळालेले स्थान स्थानिक संस्थांचा अधिकार कमी करते आणि विधिमंडळाच्या देखरेखीची शक्तीही वाढवत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

संविधानाची भूमिका

अनुच्छेद २४३ झेडडी नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असली पाहिजे. पंचायती व नगरपालिका यांनी तयार केलेल्या योजनांचे एकत्रीकरण करणे आणि संपूर्ण जिल्ह्याचा प्रारूप विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. आराखडा तयार करताना अवकाशीय नियोजन, पाणी व इतर नैसर्गिक साधनसंपत्तीचे वाटप, पायाभूत सुविधांचा एकात्मिक विकास आणि पर्यावरण संवर्धन या सामाईक बाबींचा विचार तिने करावा, असेही संविधान सांगते. गावाचे धरण आणि शहराची तहान यांचा मेळ घालणारे एखादे व्यासपीठ असावे, हा यामागील हेतू स्पष्ट आहे.

या समितीच्या रचनेबाबत राज्य विधानमंडळाला बरेच स्वातंत्र्य दिले आहे. परंतु एक मर्यादा घातली आहे. समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा पातळीवरील पंचायतीच्या आणि जिल्ह्यातील नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यामधून निवडलेले असले पाहिजेत आणि त्यांचे प्रमाण ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात असले पाहिजे. अनुच्छेद २४३ झेडई मध्ये महानगर नियोजन समितीसाठी हेच प्रमाण किमान दोन-तृतीयांश आहे. दहा लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी ही समिती असते आणि तेथे नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांबरोबर पंचायतींच्या अध्यक्षांनाही स्थान आहे.

येथे एक बाब लक्षणीय आहे. पंचायती व नगरपालिकांच्या रचनेसंबंधीच्या अनुच्छेद २४३ सी व २४३ आर मध्ये संसद व विधिमंडळ सदस्यांच्या प्रतिनिधित्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. राज्याला हवे असल्यास कायद्याने तशी तरतूद करता येते. नियोजन समित्यांच्या अनुच्छेदांत मात्र आमदार-खासदारांचा नामोल्लेखही नाही. हा फरक अनवधानाने राहिला असे म्हणणे कठीण आहे, कारण चारही अनुच्छेद एकाच वेळी घडवले गेले. आमदारांना या समितीत आणण्यास संविधानाची मनाई नाही. पण त्यांना जागा द्यायची तर ती उरलेल्या एक-पंचमांशातून द्यावी लागते. त्याच एक-पंचमांशात मंत्री, जिल्हाधिकारी, तज्ज्ञ आणि इतर शासकीय प्रतिनिधी यांनाही बसवायचे असते.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. बलवंतराय मेहता समितीने १९५७ च्या अहवालात जिल्हा परिषदेवर त्या भागातील आमदार व खासदार सदस्य असावेत असे सुचवले होते. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९६१ मध्ये वेगळी वाट धरली. जिल्हा परिषद ही प्रत्यक्ष निवडून आलेल्या स्थानिक प्रतिनिधींची संस्था असावी, तिच्यावर आमदार-खासदारांचे सदस्यत्व नसावे, अशी या समितीची भूमिका होती. १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाने ती स्वीकारली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यान्वित झाल्या. राज्यातील नव्या नेतृत्वाची एक पिढी या संस्थांतून घडली, हे महाराष्ट्राच्या राजकारणाचे अभ्यासक एकमुखाने मान्य करतात. स्थानिक नेतृत्वाला आमदाराच्या सावलीबाहेर वाढण्याची संधी मिळाली, हे त्यामागील एक कारण होते.

१९७४ मध्ये राज्याने जिल्हा पातळीवरील नियोजनाचा प्रयोग हाती घेतला आणि जिल्हा नियोजन व विकास मंडळे स्थापन केली. जिल्हा नियोजनात पुढाकार घेणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्राची गणना होते, ती याच निर्णयामुळे. मात्र या मंडळाचे अध्यक्षपद जिल्ह्याच्या पालकमंत्र्याकडे होते आणि आमदार-खासदारांना त्यात महत्त्वाचे स्थान होते. १९६१ मध्ये जिल्हा परिषदेच्या दारातून बाहेर ठेवलेला आमदार १९७४ मध्ये नियोजनाच्या दारातून जिल्ह्याच्या कारभारात आला. तेव्हापासून योजनेची आखणी एकीकडे आणि तिची अंमलबजावणी दुसरीकडे, अशी विभागणी जिल्ह्याच्या अंगवळणी पडली. आजही जिल्हा नियोजन समितीला बोलीभाषेत ‘डीपीडीसी’ असेच म्हटले जाते. जुन्या मंडळाचे नाव जसे टिकले, तसा त्याचा स्वभावही टिकला, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१९९८ चा अधिनियम आणि त्यातील विसंगती

संविधान दुरुस्तीनंतर राज्याने महाराष्ट्र जिल्हा नियोजन समित्या (रचना व कामे) अधिनियम, १९९८ संमत केला. चार-पंचमांश निर्वाचित सदस्यांची अट अधिनियमाने पाळली. परंतु पालकमंत्री हे पदसिद्ध अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी हे सदस्य-सचिव, अशी रचना करून जुन्या मंडळाचा कणा तसाच ठेवला. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना समितीत स्थान आहे; अध्यक्षस्थान नाही. विधिमंडळ व संसद सदस्यांपैकी काहींना शासन नामनिर्देशित करते आणि इतरांना बैठकीस निमंत्रित केले जाते.

या रचनेत पहिली विसंगती अध्यक्षपदाची आहे. अनुच्छेद २४३ झेडडी नुसार समितीच्या अध्यक्षाने आराखडा राज्य शासनाकडे पाठवायचा असतो. पाठवणारा आणि स्वीकारणारा हे दोन वेगळे घटक आहेत, असे गृहीत धरूनच ही तरतूद केली आहे. महाराष्ट्रात पाठवणारा हा स्वतः मंत्रिमंडळाचा सदस्य असतो. जिल्ह्याने राज्याकडे मागणी करावी, त्यासाठी प्रसंगी वाद घालावा, ही अपेक्षा येथे मावळते. राज्याने आधी ठरवून दिलेल्या नियतव्ययाच्या मर्यादेत जिल्ह्याने आपली यादी बसवायची, असे या प्रक्रियेचे प्रत्यक्ष रूप झाले आहे. सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना यांच्या रकमांना शासन मर्यादा घालते. वाढीव मागणी राज्यस्तरीय बैठकीत वित्तमंत्र्यांपुढे मांडली जाते आणि ती मांडणाराही मंत्रीच असतो.

दुसरी विसंगती आमदारांच्या नामनिर्देशनाची आहे. आमदार हा मतदारांनी निवडलेला प्रतिनिधी. परंतु समितीवर तो शासनाच्या आदेशाने येतो. ज्या शासनाला त्याने सभागृहात जाब विचारायचा, त्याच शासनाच्या पसंतीवर त्याचे समितीतील स्थान अवलंबून राहते. सत्ताबदल झाला की नामनिर्देशित सदस्यांच्या याद्या बदलतात, हे महाराष्ट्राने अनेकदा पाहिले आहे. अशा स्थानाला प्रतिनिधित्व म्हणावे की अनुग्रह, असा प्रश्न पडतो. जिल्ह्यातील एखाद्या आमदाराला नामनिर्देशन मिळते आणि शेजारच्या मतदारसंघातील आमदार निमंत्रित म्हणून मागच्या रांगेत बसतो, याला पक्षीय गणिताखेरीज दुसरा आधार सांगता येत नाही.

तिसरी विसंगती कामाच्या स्वरूपाची आहे. समितीच्या बैठकीत आमदार प्रामुख्याने आपल्या मतदारसंघातील रस्ते, साकव, शाळाखोल्या, रोहित्रे, सभागृहे यांचा आग्रह धरतात. हा आग्रह अनाठायी नसतो. मतदार त्यांच्याकडे तेच मागतात. परंतु त्यामुळे संपूर्ण जिल्ह्याचा आराखडा ही संकल्पना मतदारसंघांच्या याद्यांत विरघळून जाते. बैठकीचा मोठा भाग मागील वर्षाच्या खर्चाचा आढावा, रखडलेल्या प्रशासकीय मान्यता, पुनर्विनियोजनाचे प्रस्ताव आणि मार्चअखेर निधी परत जाण्याची भीती यांत जातो. ग्रामपंचायतींचे विकास आराखडे आणि नगरपालिकांच्या योजना यांचे एकत्रीकरण करून पाण्याच्या वाटपावर किंवा जमिनीच्या वापरावर चर्चा करायची, तर तिला वेळ उरत नाही.

स्थानिक विकास निधी आणि दुहेरी भूमिका

आमदारांना स्वतंत्र स्थानिक विकास निधी मिळतो, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. महाराष्ट्रात २०२२ मध्ये हा निधी प्रतिवर्षी पाच कोटी रुपये करण्यात आला. तो जिल्हा नियोजन यंत्रणेमार्फतच खर्च होतो. म्हणजे एकच नियोजन कार्यालय आमदारांच्या निधीतील कामांनाही हाताळते आणि जिल्हा वार्षिक योजनेलाही.

खासदार निधीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे भीमसिंग प्रकरणात आला. २०१० च्या निकालात न्यायालयाने ती योजना वैध ठरवली. खासदाराची भूमिका काम सुचवण्यापुरती असून मंजुरी व अंमलबजावणी जिल्हा व स्थानिक यंत्रणांकडे राहते, हा त्या निकालातील महत्त्वाचा आधार होता. सुचवणे आणि मंजूर करणे यांतील ही रेषा नियोजन समितीलाही लागू करून पाहावी. समितीत आमदार सुचवणारा म्हणून आला तर ती रेषा शाबूत राहते. मंजूर करणारा म्हणून आला तर ती पुसट होते, कारण आपल्याच सूचनेवर तो निर्णय देतो आणि पुढे विधिमंडळात त्याच खर्चाची तपासणी करण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच असते.

दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये या संदर्भात दोन शिफारशी केल्या होत्या. संसद व विधिमंडळाच्या सदस्यांनी स्थानिक संस्थांचे सदस्य होऊ नये, ही एक आणि खासदार व आमदार निधीच्या योजना बंद कराव्यात, ही दुसरी. या दोन्ही शिफारशी वेगवेगळ्या अहवालांत आल्या असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. कायदा करणे व देखरेख ठेवणे हे एक काम, स्थानिक कामांचे वाटप हे दुसरे. दोन्ही एका हाती आली की पहिले काम मागे पडते.

चार-पंचमांशांची अनुपस्थिती : २०२२ नंतरचा अनुभव

या रचनेतील दोष एरवी झाकलेला राहतो. २०२२ नंतरच्या काळात तो उघडा पडला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासंबंधीचा न्यायालयीन वाद आणि प्रभागरचनेतील बदल यांमुळे राज्यातील स्थानिक निवडणुका लांबल्या. मार्च २०२२ पर्यंत बहुसंख्य जिल्हा परिषदा व मोठ्या महानगरपालिकांच्या मुदती संपल्या आणि तेथे प्रशासक आले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले. नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये आणि महानगरपालिकांच्या जानेवारी २०२६ मध्ये झाल्या.

या मधल्या तीन वर्षांहून अधिक काळात जिल्हा नियोजन समितीचे काय झाले, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. ज्या संस्थांच्या निर्वाचित सदस्यांमधून चार-पंचमांश सदस्य निवडायचे, त्या संस्थांतच निर्वाचित सदस्य उरले नव्हते. तरीही बैठका झाल्या, आराखडे मंजूर झाले, निधी वितरित झाला. पालकमंत्री, जिल्हाधिकारी आणि शासनाने नेमलेले किंवा बोलावलेले आमदार-खासदार यांच्या बळावर हे काम चालले. संविधानाने ज्या घटकाला एक-पंचमांशात बसवले, तोच घटक संपूर्ण समिती होऊन बसला. याबद्दल विधिमंडळात किंवा बाहेर फारशी खळबळ झाली नाही. निर्वाचित स्थानिक सदस्य असताना त्यांचा प्रभाव मुळातच किती होता, याचा अंदाज या शांततेवरून बांधता येतो.

याच काळातील आणखी दोन घटना बोलक्या आहेत. जून २०२२ मध्ये राज्यात सत्तांतर झाले आणि जुलैच्या प्रारंभी नव्या शासनाने १ एप्रिल २०२२ नंतर जिल्हा वार्षिक योजनेतून मंजूर झालेल्या कामांना स्थगिती दिली. नवे पालकमंत्री सप्टेंबरच्या अखेरीस नेमले गेले. आर्थिक वर्षाचा जवळजवळ अर्धा काळ जिल्ह्याची योजना राजधानीतील घडामोडींची वाट पाहत राहिली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड व नाशिक या दोन जिल्ह्यांच्या नियुक्त्यांना स्थगिती मिळाली. अध्यक्षपद जिल्ह्यातील निर्वाचित प्रतिनिधीकडे असते, तर मंत्रिमंडळातील पक्षांच्या रस्सीखेचीचा फटका जिल्ह्याच्या योजनेला बसला नसता.

महानगर आणि विकास मंडळे

महानगर नियोजन समित्यांची स्थिती याहून नाजूक आहे. यासंबंधीचा राज्याचा अधिनियम १९९९ चा. मुंबईत १९७५ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण कार्यरत होतेच. पुण्यात २०१५ मध्ये तसे प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाकडे अधिकारी, निधी आणि भूखंड. समितीकडे केवळ संविधानातील अनुच्छेद, अशी ही विषम जोडी आहे. पुणे महानगर प्रदेशाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्राधिकरणाने प्रसिद्ध केला, तेव्हा महानगर नियोजन समितीची निवडणूक व्हायची होती. ती नोव्हेंबर २०२१ मध्ये तीस जागांसाठी झाली. मार्च २०२२ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महानगरपालिकांची मुदत संपली आणि तेथून निवडून आलेल्या सदस्यांचा आधारच नाहीसा झाला. निर्वाचित समितीला जेमतेम चार महिने मिळाले. आराखडा न्यायालयात गेला आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. महानगराच्या लाखो रहिवाशांच्या जमिनीसंबंधीचा दस्तऐवज निर्वाचित समितीच्या आधी जन्मला आणि तिच्या अनुपस्थितीत संपला.

याउलट अनुच्छेद ३७१(२) खालील विकास मंडळांचे उदाहरण तुलनेसाठी उपयोगी आहे. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी १९९४ मध्ये ही मंडळे स्थापन झाली. त्यांची पार्श्वभूमी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये मांडलेल्या अनुशेषाच्या हिशोबाची होती. या मंडळांच्या मर्यादा सर्वज्ञात आहेत. राज्यपालांचे निर्देश आणि मंत्रिमंडळाचे अधिकार यांतील तणाव त्यांना पेलवला नाही. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली आणि पुनर्स्थापनेची शिफारस करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. असे असले तरी या अनुच्छेदात एक मौलिक तरतूद आहे. प्रत्येक मंडळाच्या कामकाजाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असे त्यात म्हटले आहे. एका आमदाराला मंडळावर घेऊन जे साधत नाही, ते अहवाल सभागृहात आल्याने साधू शकते. विदर्भाच्या सिंचनाचा प्रश्न कोकणातील आमदारालाही तेथे विचारता येतो. जिल्हा नियोजन समित्यांसाठी अशी संविधानिक अट नाही. आमदारांच्या प्रतिनिधित्वाची चर्चा समितीच्या दालनापुरती मर्यादित राहिल्याने ही उणीव कोणाच्या लक्षात आली नाही.

इतर राज्यांची उदाहरणे

या प्रश्नाला अन्य राज्यांनी दिलेली उत्तरे एकसारखी नाहीत. केरळमध्ये जिल्हा पंचायतीचा अध्यक्ष हा जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असतो. समितीच्या पंधरा सदस्यांपैकी बारा सदस्य स्थानिक संस्थांतून निवडलेले असतात आणि आमदार-खासदार हे कायम निमंत्रित असतात. कर्नाटकच्या १९९३ च्या पंचायत राज अधिनियमातही जिल्हा पंचायतीच्या अध्यक्षाकडे समितीचे अध्यक्षपद आणि आमदारांकडे कायम निमंत्रितांचे स्थान अशी रचना आहे. मध्य प्रदेशाने १९९५ च्या कायद्यान्वये मंत्र्याला अध्यक्ष केले आणि १९९९ मध्ये समितीला ‘जिल्हा सरकार’ म्हणून व्यापक अधिकार दिले. अधिकार आले, पण त्यांची किल्ली मंत्र्याकडे राहिली. पश्चिम बंगालमध्ये जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या सभाधिपतीकडे, तर कोलकाता महानगर नियोजन समितीचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे ठेवण्यात आले. एकाच राज्यात जिल्ह्याबाबत विश्वास आणि महानगराबाबत संशय, असे हे चित्र आहे.

केरळची रचना जशीच्या तशी उचलावी, असे येथे सुचवायचे नाही. तेथील लोकनियोजन मोहिमेला असलेली सामाजिक बैठक आणि पक्षीय शिस्त महाराष्ट्रात नाही. तथापि कायम निमंत्रित आणि नामनिर्देशित सदस्य यांतील फरक केरळवरून स्पष्ट होतो. कायम निमंत्रित आमदाराचे स्थान कायद्याने येते. त्यासाठी त्याला कोणाच्या दारी जावे लागत नाही. विरोधी पक्षाचा आमदारही त्याच हक्काने बसतो. त्याला मत नसते, म्हणून निर्णयाचे उत्तरदायित्व स्थानिक सदस्यांकडेच राहते.

आमदारांच्या बाजूने

आमदारांच्या सहभागाला पाठिंबा देणारे युक्तिवाद दुर्लक्षणीय नाहीत. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो आणि अर्थसंकल्प विधानसभा मंजूर करते. तेव्हा पैसा मंजूर करणाऱ्याला त्याच्या विनियोगाबद्दल बोलता आले पाहिजे, हा पहिला युक्तिवाद. आमदाराचा मतदारसंघ जिल्हा परिषदेच्या गटापेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यात शहर व खेडी दोन्ही येतात, म्हणून त्याची दृष्टी अधिक व्यापक असू शकते, हा दुसरा. पाटबंधारे, महामार्ग, वीज हे विषय राज्याच्या यंत्रणांकडे असल्याने राज्यपातळीवर वजन असलेला माणूस समितीत हवा, हा तिसरा.

हे तिन्ही मुद्दे आमदाराच्या आवाजाचे समर्थन करतात; मताचे किंवा नामनिर्देशनाचे नाही. पैशाबद्दल प्रश्न विचारण्यासाठी माहितीचा हक्क आणि सभागृह पुरेसे आहे. व्यापक दृष्टी चर्चेत उपयोगी पडते. राज्यपातळीवरील वजन तर समितीबाहेर, मंत्रालयात अधिक कामी येते. शिवाय स्थानिक संस्था व विधिमंडळ यांना जोडणारा एक दुवा संविधानाने आधीच निर्माण केला आहे. विधानपरिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक प्राधिकारी संस्थांच्या मतदारसंघांतून भरल्या जातात. या सदस्यांचे मतदार म्हणजे नगरसेवक व जिल्हा परिषद सदस्यच. नियोजन समितीचा आवाज वरिष्ठ सभागृहात नेण्याची स्वाभाविक जबाबदारी त्यांची आहे. परंतु त्यांच्या भूमिकेची चर्चा निवडणुकीतील घोडेबाजारापलीकडे जात नाही. २०२२ नंतर स्थानिक संस्थाच निर्वाचित सदस्यांविना राहिल्याने मुदत संपलेल्या या जागाही रिकाम्या राहिल्या आणि हा दुवाही तुटला.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. महाराष्ट्राने १९६१ मध्ये आमदाराला जिल्हा परिषदेबाहेर ठेवून जे साधले, ते १९७४ च्या नियोजन मंडळांनी आणि नंतर १९९८ च्या अधिनियमाने बऱ्याच अंशी गमावले. चार-पंचमांशांची अट कागदावर पाळली गेली. अध्यक्षपद, सचिवपद आणि नामनिर्देशनाचा अधिकार शासनाकडे राहिल्याने समितीचे चारित्र्य बदलले नाही. या रचनेत आमदार निधीचा अर्जदार होतो आणि ज्याच्याकडे अर्ज करायचा तो मंत्री असतो. विधिमंडळाने मंत्र्यावर लक्ष ठेवायचे, ही संसदीय पद्धतीची मूळ अपेक्षा जिल्ह्याच्या सभागृहात उलटी होते.

यावर काही उपाय सुचवता येतील. जिल्ह्यातील सर्व आमदार व खासदारांना कायद्यानेच कायम निमंत्रितांचे स्थान द्यावे, बोलण्याचा व कागदपत्रे मागण्याचा हक्क द्यावा, मताधिकार देऊ नये आणि त्यांच्या नामनिर्देशनाची तरतूद रद्द करावी. समितीचे अध्यक्षपद निर्वाचित स्थानिक प्रतिनिधीकडे सोपवावे. पालकमंत्र्याने राज्य शासनाचा प्रतिनिधी म्हणून समितीत बसावे. प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा आणि त्याच्या अंमलबजावणीचा वार्षिक अहवाल विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा. स्थानिक संस्थांची मुदत संपून निर्वाचित सदस्य उरले नसतील, तर त्या काळात केवळ चालू कामे पूर्ण करण्यापुरताच खर्च मंजूर व्हावा आणि नव्या कामांना निर्वाचित समितीची वाट पाहावी लागावी. या शेवटच्या तरतुदीमुळे निवडणुका लांबवणे शासनालाही परवडणार नाही.

यांपैकी एकाही उपायासाठी संविधान दुरुस्तीची गरज नाही. राज्य विधिमंडळाने आपल्याच दोन अधिनियमांत बदल केले तरी पुरे. अडचण एवढीच की हा बदल आमदारांनीच मतदान करून करावा लागेल आणि त्यात त्यांना समितीतील एक मत सोडून द्यावे लागेल. नव्याने निवडून आलेल्या स्थानिक सदस्यांमधून नियोजन समित्या पुन्हा उभ्या राहत असताना विधिमंडळ त्यांच्याकडे कसे पाहते, यावर पुढील दशकातील जिल्हा नियोजनाचे स्वरूप ठरेल.